बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे?

"तुमच्या बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे रे?"

बायकोने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही जामखेड सोडलं होतं. समोरून ऊसतोड कामगारांचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत डुलत येत होता. ट्रॉलीत बायामाणसं, लेकरं, सरपण, पत्र्याच्या पेट्या, एक शेळी, आणि सगळ्यात वर दोरीने बांधलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं अशी रिकामी होतात. आपण बीडकडे चाललोय आणि अख्खं बीड बाहेर पडतंय हे बघितल्यावर असा प्रश्न पडणं साहजिकच आहे.

बायको नाशिकची. तिच्या डोक्यात नदीकाठचं शहर म्हणजे रामकुंड, घाट, सोमवती अमावस्येची गर्दी. "बीडलाही नदी आहे की," मी जरा इगो दुखावल्यासारखा म्हणालो. "बिंदुसरा."

"बिंदू? म्हणजे थेंब?" आणि हसली.

आता मंडळी, खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं सगळं शिक्षण बारावीपर्यंत बीडला. पण त्या वर्षांत मी बीड बघितलंच नाही. शाळा, क्लास, सीईटी आणि मग पुणे. कंपनीत कोणी "कुठला तू?" विचारलं की "बीड" म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा ठरलेला : दुष्काळ, ऊसतोड, राजकारण. मीही मग मान डोलवून विषय बदलायचो. स्वतःच्या गावाबद्दल आपल्याला बातम्यांएवढंच माहिती असावं, ही तशी लाजेची गोष्ट आहे.

म्हणून ठरवलं, रविवारी सगळ्या घराला घेऊन बीड दर्शन करायचं. काका म्हणाले, "लोक हसतील की. बीडचा माणूस बीड बघायला चाललाय." बाबांनी मात्र लगेच कागदावर यादी केली : खजाना विहीर, कनकालेश्वर, मन्सूरशहांची दर्गा, खंडोबाची टेकडी, येताना दगडी पूल. आजीने यादी ऐकली आणि म्हणाली, "पाणीच बघायलाव ना? मी पाहिलंय पाणी. तुम्ही जावा."

तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. दुपारी कनकालेश्वराला जाताना तिला घरून घ्यायचं ठरलं आणि आम्ही काकांच्या बोलेरोत बसलो. मी, बायको, बाबा, काका आणि चुलतभावाचा आठ वर्षांचा पोरगा.

*

खजाना विहीर गावाच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्यावर साधारण सहा किलोमीटरवर आहे. या रस्त्याने मी एसटीतून किती वेळा गेलो असेन याचा हिशोब नाही. खिडकीतून एक पडकं दगडी काहीतरी दिसतं, बस्स. नाव ऐकून पोरगा सकाळपासून खजिन्याच्या तयारीत होता. घरून टॉर्च घेऊन आला होता बिचारा :)

थोडा इतिहास. १५८२-८३ च्या सुमारास बीड अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीत होतं. गादीवर मुर्तझा निजामशहा, आणि बीडचा जहागीरदार सलाबतखान. त्याने ही विहीर बांधून घेतली. प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्थपतीचं नाव राजा भास्कर असं सांगतात. म्हणजे क्लायंट सलाबतखान आणि टेक्निकल आर्किटेक्ट राजा भास्कर. नेहमीप्रमाणे नाव क्लायंटचं झालं, असो.

वरून बघितलं तर एक मोठी गोल विहीर. खरी गंमत खाली आहे. विहिरीला तीन भुयारं आहेत. त्यातल्या दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर जातं. बाहेर जाणारं पाणी जमिनीखालून लांबवर वाहत जातं आणि बीडच्या अंगाला बलगुजार म्हणतात त्या भागातल्या शेतीला मिळतं. ना मोट, ना रहाट, ना मोटर. चारशे चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेली सिस्टीम, एकही हलणारा पार्ट नाही, विजेचं बिल शून्य.

हे चालतं कसं? मी तिथे उभा राहून बराच वेळ डोकं लावलं. आपल्या नेहमीच्या विहिरीत पाणी खाली असतं आणि आपण ते जोर लावून वर ओढतो. इथे उलटा विचार आहे. जमिनीला मुळातच उतार असतो. डोंगराच्या बाजूला, उंचावर जिथे भूजल लागतं तिथे विहीर घ्यायची आणि तिथून खालच्या बाजूला एक भुयार खणत न्यायचं. मेख अशी की भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. म्हणजे वरची जमीन भराभर खाली उतरते, खालचं भुयार हळूहळू उतरतं, आणि कुठेतरी दोघांची गाठ पडते. तिथे पाणी आपोआप जमिनीवर येतं. पाणी वर चढवायचं नाही, जमिनीला पाण्यापर्यंत खाली येऊ द्यायचं!

उतार जास्त झाला तर पाण्याच्या जोराने भुयार खचणार, कमी झाला तर गाळ साचणार. हे गणित डोळ्यांना पाणी दिसत नसताना, जमिनीखाली, पणत्यांच्या उजेडात जमवायचं. भुयाराच्या रेषेत ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवायची, म्हणजे खणताना माती बाहेर काढता येते, हवा खेळते आणि नंतर गाळ काढायला माणूस उतरू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मेन्टेनन्सची सोय डिझाईनमध्येच.

ही विद्या मूळची इराणकडची. तिथे तिला कनात किंवा कारेज म्हणतात, आणि २०१६ साली युनेस्कोने इराणच्या कनातांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दख्खनमध्ये ती बहामनी काळात बीदरला आली. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ चा. औरंगाबादची (छत्रपती संभाजीनगरची) मलिक अंबरची नहर तर सगळ्यांना माहिती आहे, तीही त्याच सुमाराची. म्हणजे आमची बीडची विहीर या दोन्हींच्या तीसेक वर्षं आधीची! औरंगाबादला पाणचक्की बघायला सहली जातात, आणि तिच्या मोठ्या बहिणीसमोरून आम्ही 'पडकी विहीर' म्हणत एसटीने जातो.

काका म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळातही हिचं पाणी हललं नव्हतं म्हणतात." पाणी कधीच आटत नाही अशी या विहिरीची ख्याती आहे. मी काही ते मोजलेलं नाही. पण आता आजूबाजूला शेकडो फूट खोल बोअर झाल्या आहेत. वरच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्यावर बेतलेल्या या भुयारांनी त्यांच्याशी किती दिवस झुंजायचं?

पोरगा मात्र नाराज. "खजिना कुठंय?"

बाबा म्हणाले, "हे काय, वाहायलाय की."

त्याला काही हे पटलं नाही. त्याने टॉर्च लावून भुयाराच्या तोंडात दोनतीनदा उजेड टाकून बघितला आणि मग गाडीत जाऊन बसला.

*

परत येताना काकांनी तुघलकाच्या दाताची गोष्ट सांगितली. मला ती थापच वाटली होती, पण फरिश्त्यासारख्या जुन्या इतिहासकाराने ती नोंदवून ठेवली आहे. राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेणारा तो मुहम्मद तुघलक वरंगळच्या मोहिमेवरून परतताना बीडला थांबला. इथे त्याचा एक दात पडला. सुलतानाचा दात! तो काय असाच टाकायचा? मोठ्या इतमामाने पुरला आणि त्यावर थडगं बांधलं. करजणी गावाजवळ ती वास्तू आजही दाखवतात.

गावाच्या नावाबद्दलही तुघलकाचीच एक दंतकथा आहे. बीडला आधी चंपावतीनगर म्हणायचे. तुघलकाच्या सैन्याने इथे विहीर खणली, लगेच पाणी लागलं, म्हणून गावाला 'भिर' नाव पडलं अशी ती कथा. निजामाच्या राज्यात ते 'भीर' असंच लिहीत. व्युत्पत्ती खरी असेल नसेल, पण ज्या गावाच्या नावातच लोकांनी पाणी शोधलं ते गाव आज टँकरमुळे ओळखलं जातं, याचं मला गाडीत बसल्या बसल्या वाईट वाटत राहिलं.

*

दुपारी आजीला घेतलं आणि कनकालेश्वराला गेलो. बिंदुसरा बीडचे दोन भाग करते, पश्चिमेचा मोठा आणि पूर्वेचा लहान. कनकालेश्वर पूर्वेकडे.

चौकोनी तळं, त्याच्या मधोमध काळ्या दगडाचं मंदिर, आणि जायला छोटा पूल. बायको पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" काय सांगणार? महाशिवरात्रीच्या जत्रेत लहानपणी पाळण्यात बसायला यायचो, त्यापलीकडे मला तरी कुठे माहिती होतं.

मंदिर नेमकं कोणी बांधलं ते कुठे लिहिलेलं नाही. शैलीवरून कोणी चालुक्यकालीन म्हणतात, बरेचजण यादवांच्या काळातलं, सिंघणदेवाच्या वेळचं (१२१०-१२४७) मानतात. बाहेरच्या भिंतींवर देव-देवता आणि माणसांच्या मूर्ती इतक्या दाटीने आहेत की एक प्रदक्षिणा पुरत नाही. पण मी मूर्तींपेक्षा पायाकडे बघत होतो. सात-आठशे वर्षं हा डोलारा पाण्यात उभा आहे. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये चौथ्या वर्षी पाणी झिरपायला लागलं :(

दुष्काळी मुलखात देवाला पाण्यात का बसवलं असेल? माझा आपला तर्क असा, तळं टिकवायचं असेल तर मधोमध देव बसवण्यासारखा उपाय नाही. लोक गाळ काढतील, घाण टाकताना दहादा विचार करतील, आणि बुजवून प्लॉट पाडायची तर कोणाची हिंमत होणार नाही. बीडच्या आसपास एरवी किती तळी असतील आणि गेली असतील कोण जाणे. हे राहिलं.

तिथून जवळच मन्सूरशहांची दर्गा. अठराव्या शतकातले हे सूफी, महादजी शिंदे यांना गुरू मानायचे. पुण्यात राहणाऱ्यांनी वानवडीची शिंदे छत्री बघितली असेलच, तेच महादजी. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांच्या पायावर घाव बसला आणि ते रणात पडून राहिले. त्यांना उचलून बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप आणलं ते राणेखान नावाच्या एका भिश्त्याने. भिश्ती म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदारकी दिली, आणि इतिहासात तो 'राणेखान भाई' म्हणून राहिला. इकडे बीडला मन्सूरशहांनी महादजी परत येतील असा आशीर्वाद दिला होता अशी कथा सांगतात. शिंदे घराण्यात मन्सूरशहांना अजूनही मान आहे.

दर्गेत आजीने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. कनकालेश्वरातही तसेच जोडले होते.

संध्याकाळी खंडोबाच्या टेकडीवर. इथल्या दोन अष्टकोनी दीपमाळा सत्तर फूट उंच आहेत, जुळ्या बहिणींसारख्या. मंदिर निजामाचे सरदार सुलतानजी निंबाळकर यांनी बांधलं म्हणतात, काहीजण महादजींचं नाव घेतात. टेकडीवरून सगळं बीड दिसतं. नाशिकची माणसं सवयीप्रमाणे नदी शोधतात. बायकोने विचारलं, "नदी कुठे आहे?"

मी हात केला. घरांच्या गर्दीतून एक काळपट, वाकडी रेघ गेली होती. शहराने तिच्याकडे पाठ केलेली. घाट नाही, कट्टा नाही, मागच्या भिंती आणि गटाराची तोंडं. इतकं पाणी जपणारं गाव, आणि नदीची ही अवस्था.

*

उतरताना आजी स्वतःहून म्हणाली, "दगडी पुलापाशी गाडी थांबीव."

काका आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. १९८९ नंतर आजी पुलावरून ये-जा करायची, पण थांबायची नाही. आमचं जुनं घर नदीच्या अंगाला होतं. मी ते बघितलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. २३ जुलै १९८९, रविवार. त्या दिवशी बिंदुसरेला जो पूर आला त्याने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या. अनेक माणसं गेली. आमच्या घरातली माणसं वाचली, घर नाही वाचलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते. घरात हा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात, एवढंच मला माहिती होतं.

आजी कठड्याला धरून उभी राहिली. खाली पाण्याची बारीक धार, प्लॅस्टिक, वेडी बाभळ.

"मह्या लग्नातला पितळेचा हंडा गेला," ती म्हणाली. "शेजारीण गेली. तिची दोन लेकरं गेली." मग थोड्या वेळाने, "पण तिच्या आधी तीस वर्षं हिनंच पाजलं की आम्हाला."

बायकोने विचारलं, "आजी, तुम्ही याचं पाणी प्यायचात?"

"याचं न्हवं. वाळूतलं. उन्हाळ्यात वर टिपूस नसायचा. मग वाळूत झिरा करायचा, हातभर उकरलं की पाणी. वाटीवाटीनं हंडा भरायचा. गोड, थंडगार. आता वाळूच नाही तर झिरा कुठं करताव?"

मी सकाळपासून जे समजून घ्यायला धडपडत होतो ते आजीने चार वाक्यांत सांगून टाकलं. झिरा म्हणजे हातभर खजाना विहीरच की! आमची नदी वरून कोरडी आणि खालून वाहती. वाळू ही तिची टाकी होती. पावसाचं पाणी ती धरून ठेवायची आणि उन्हाळाभर थेंबथेंब सोडायची. बिंदुसरा. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना नदी कळली होती. राजा भास्करालाही कळलं होतं की या मुलखात पाणी खाली बघून शोधायचं असतं, वर नाही. वाटीने हंडा भरणाऱ्या बायकांनाही माहिती होतं.

नंतरच्या आम्हा शहाण्यांना फक्त कोरडं पात्र दिसलं. कोरडं म्हणजे रिकामं, रिकामं म्हणजे बांधायला मोकळं. वाळू उपसली, काठ भरून घरं आली. पुण्यात शिकलेल्या मला तरी याहून वेगळं काय दिसलं होतं? मी त्या पुलावरून रोज सायकलने क्लासला जायचो आणि नाक दाबायचो. आज बीडला प्यायचं पाणी दूर माजलगाव धरणाच्या फुगवट्यातून पाईपने आणावं लागतं.

दुष्काळ पडतो हे खरं आहे, बालाघाटाच्या या बाजूला पाऊस कमी हेही खरं. आणि जुना काळ काही सोन्याचा नव्हता. खजान्याचं पाणी जहागीरदाराच्या मर्जीने वाहत असणार, मोठे दुष्काळ तेव्हाही पडले आणि माणसं मेली. पण पाणी कमी असणं आणि पाण्याची अक्कल कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आमच्या नशिबात होती. दुसरी आम्ही गेल्या पन्नास-साठ वर्षांत कमावली. असो.

बाबा त्या दिवशी उठून गेले नाहीत. आजीच्या शेजारी उभे राहिले आणि बोट दाखवून बायकोला म्हणाले, "तिथं, त्या पत्र्याच्या शेडच्या अलीकडं. तिथं आपलं दार होतं." माझ्यासाठी सबंध दिवसात बघितलेलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण तेच, आणि तिथे बघण्यासारखं काहीही नाही.

*

सोमवारी पहाटे पुण्याला निघालो. गेटवर पोचलो तेव्हा सोसायटीत टँकर रिकामा होत होता, वॉचमन पाईप धरून उभा. नेहमीचंच दृश्य. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "आपल्या खाली काय आहे रे? म्हणजे या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. जुने नकाशे शोधतोय. एक ओढा होता असं दिसतंय.

कधी सोलापूर रस्त्याने बीडवरून जाणं झालं तर खजाना विहिरीपाशी पंधरा मिनिटं थांबा. पावसाळ्यात पायऱ्या जपून उतरा, शेवाळ असतं. कनकालेश्वराला तासभर तरी द्या. आम्ही पुढच्या दिवाळीत गोदाकाठी राक्षसभुवनला जायचं म्हणतोय, जिथे ऑगस्ट १७६३ मध्ये गोदावरीला पूर असताना माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठलं होतं. यादी आत्तापासून बाबांच्या खिशात आहे.

आजीला फोनवर विचारलं, "येणार का गं?"

"पाणीच बघायलाव ना?" ती म्हणाली. "येते की."